मोरीवर पाणी किती?

पोस्टिंग लडाखमध्ये होतं. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, माजी सैनिक मंडळी समजून घेतील. चौकीवर मोबाइलला रेंज नव्हती. अर्धा तास उतरून खाली आलं की एका मोठ्या दगडापाशी दोन काड्या यायच्या. पोरांनी त्या दगडाला 'एसटीडी बूथ' असं नाव ठेवलं होतं. जुलै २०२१ मध्ये मी रोज संध्याकाळी त्या दगडाला टेकून गावाकडचं पाणी बघायचो.

गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. पुराचा धसका मी २०१९ मध्येच घेतला होता. ५ ऑगस्टला काश्मीर खोऱ्यातले फोन आणि इंटरनेट बंद झाले तेव्हा मी खोऱ्यात होतो, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे महापूर. टीव्हीवर सांगलीचा आयर्विन पूल पुन्हा पुन्हा दाखवायचे, आमचं गाव एकदाही दाखवलं नाही. घरचे जयसिंगपुरात एका शाळेत सुखरूप आहेत एवढं चार दिवसांनी लष्करी लाईनवरून कळलं. त्या चार दिवसांबद्दल मी अजून लिहू शकलेलो नाही.

म्हणून २०२१ मध्ये पाऊस लागल्याबरोबर मी तयारीत होतो. फेसबुकचा प्रश्नच नव्हता. आदल्या वर्षी फौजेने मोबाइलमधून काढायला लावलेल्या ८९ अ‍ॅपच्या यादीत ते होतं, आणि आमच्या भागातले सगळे ग्रुप तिथेच. राहिली एक वेबसाईट, तालुक्याच्या बातम्यांची. लोकच फोटो काढतात, दोन ओळी लिहितात, पाठवतात. नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात निम्मी चूक माझी आहे.

राजाराम बंधाऱ्याची पातळी सरकारकडून कळायची. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण तो बंधारा पंचगंगेवर, कोल्हापूरजवळ. आमच्याकडे पाणी मागाहून येतं आणि मागाहूनच जातं. शिवाय फुटांच्या आकड्यावरून आमच्या ओढ्यावरची मोरी बुडाली की नाही ते कळत नाही. ते गावातलाच माणूस सांगणार. त्यासाठीच ती साईट हवी होती.

आता त्या दगडापाशी बसून ती साईट कशी दिसायची ते सांगतो. आधी मसाल्याची जाहिरात. तिची फुली इतकी बारीक की हातमोजा काढल्याशिवाय दाबता यायची नाही. मग बातम्या. पण निम्म्या बातम्या अक्षरांत नव्हत्याच, रंगीत चौकटीत मजकूर बसवून त्याचं चित्र टाकलेलं. दोन काड्यांवर चित्र उतरत नाही. पांढरा चौकोन दिसायचा, आणि त्या चौकोनात माझं गाव. जी चित्रं उतरायची त्यात नृसिंहवाडीचं देऊळ पाण्यात. वाडीच्या देवळात दर पावसाळ्यात पाणी येतं, दक्षिणद्वाराच्या सोहळ्याला लोक मुद्दाम स्नानाला जातात. देऊळ तेच, पाणी तसंच. फोटो आजचा की २०१९ चा, ते दत्तगुरूंनाच ठाऊक.

मला स्वतःला काही विचारायचं तर आधी लॉग-इन. ओटीपी जाणार माझ्या गावाकडच्या प्रीपेड नंबरवर, आणि बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. म्हणजे बघायचं, बोलायचं नाही.

एका संध्याकाळी घरून फोन आला. गावात वीज नव्हती, बायकोने शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज केला होता. म्हणाली, "अहो, समदी ट्रॉलीत बसायला लागल्यात. आम्हीबी निघू काय?"

माझे वडील, आप्पा, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. पावसात, अंधारात, उघड्या ट्रॉलीतून त्यांना न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी म्हणालो, थांब, बघून सांगतो. पान उघडलं. सगळ्यात वर एक बातमी होती, नशिबाने अक्षरांत: आमच्या गावचा रस्ता सुरू, ओढ्याचं पाणी उतरलं. खाली तीनशेवर लाईक.

मी फोन करून सांगितलं, "पाणी उतरायलंय. आप्पांना रात्रीचं हलवू नको. सकाळी निघा."

ती म्हणाली, "बरं."

चौकीवर रात्री ड्यूटी होती, शांत मनाने केली. सकाळी परवानगी काढून खाली आलो. घरचा फोन लागेना. पान उघडलं आणि त्या वेळी का कोण जाणे, ते शेवटपर्यंत उतरलं. नवव्या की दहाव्या नंबरवर दोन ओळी होत्या, लाईक दोन:

"१७.४०. ओढ्यावरची मोरी. पाणी मोरीवरून एक वीत. तासात चार बोटं चढलं. ट्रॅक्टर आत्ता जातो, रात्री जाणार नाही."

मी घरी फोन केला होता सातच्या सुमारास. म्हणजे ही खबर तेव्हा त्याच पानावर होती, आणि मी वाचलेली वरची बातमी आदल्या दिवशीच्या दुपारची निघाली. ती खोटी नव्हती. दुपारी पाऊस थांबला, ओढ्याचं स्वतःचं पाणी उतरलं. नंतर नदीचा फुगवटा उलटा ओढ्यात शिरला. पूर पाहिलेल्या माणसाला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण तीनशे लाईक दिसल्यावर मी ते विसरलो.

दोन दिवस घरचे माडीवर होते. मग बोट आली. आप्पांना चादरीच्या झोळीतून खिडकीतून काढलं. म्हशी दोन होत्या, बायकोने दोन्हींची दावी सोडली होती. एक आठवड्याने सापडली, दुसरी नाही. बायको मला आजपर्यंत एका शब्दाने बोललेली नाही. फक्त कुणी म्हशीचा विषय काढला की ती उठून आत जाते.

दिवाळीला छुट्टी आली तेव्हा त्या साईटवाल्याला भेटायला गेलो. डोक्यात राग होता. निघाला पंचविशीतला पोरगा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर. पुरात इन्व्हर्टरवर रात्र-रात्र जागून त्याने साईट चालू ठेवली होती. घरात त्याच्याही पाणी होतं. राग कुठल्या कुठे गेला. वर कुठली बातमी ठेवायची हे तो ठरवतच नव्हता, जास्त बघितली जाईल ती आपोआप वर राहायची. जाहिरातवाले बघणाऱ्यांवर पैसे देतात, आणि त्या पैशांतून सर्व्हरचं भाडं.

मी त्याच्याकडे बातमी पाठवायचा फॉर्म उघडून मागितला. शीर्षक, विभाग, ई-मेल, फोटो, सगळं सक्तीचं. कधी पाहिलं आणि कुठे उभं राहून पाहिलं, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. फौजेत नवा रिक्रूटसुद्धा रिपोर्ट देताना आधी वेळ आणि जागा सांगतो. मग कळलं की ती मोरीवरची खबर देणारे आमच्याच गावचे एक निवृत्त सुभेदार साहेब. त्यांनी वेळ शीर्षकाच्या रकान्यात घातली होती, दुसरीकडे जागाच नव्हती. फोटोशिवाय फॉर्म जाईना म्हणून आपल्या चपलेचा फोटो जोडला होता. अशा खबरीला लाईक कोण देणार?

आणि ज्यांना पाण्याची खरी नस कळते ते नावाडी, गवळी, शेताला जाणाऱ्या बायका, त्यांचा तर फॉर्मशी संबंधच नाही. माझा एक गाववाला सीआरपीएफमध्ये बस्तरला होता. त्याच्याकडून ऐकलेली 'सीजीनेट स्वरा'ची गोष्ट मी त्या पोराला सांगितली. पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडसाठी ते सुरू केलं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, एक बटण दाबून आपली खबर गोंडीत किंवा हिंदीत बोलायची, दुसरं दाबून इतरांची ऐकायची. लिहायला-वाचायला यायची गरज नाही. मधे बसलेली माणसं खबर तपासतात, मगच ती पुढे जाते. पोरगा ऐकत राहिला. म्हणाला, "दादा, एवढं मला नाही झेपायचं. पण एक नंबर ठेवू शकतो. लोक बोलतील, मी टाईप करीन."

त्याने तेवढं केलं. फॉर्ममध्ये वेळ आणि जागा सक्तीची झाली, फोटो ऐच्छिक. जून ते सप्टेंबर ताजी खबर वर, लाईक कितीही असोत. अक्षरं आधी, चित्र नंतर. लॉग-इन काढायला मात्र तो तयार झाला नाही. निवडणुकीच्या दिवसांत लोक काय काय लिहून जातात ते त्याने दाखवलं, मग मीही आग्रह सोडला.

आता माझं पोस्टिंग आसामात आहे. इथे ब्रह्मपुत्रेचं पाणी वेगळंच, त्यावर सवडीने लिहीन. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी साईट उघडली तर वरच होतं: "७.०५. ओढ्यावरची मोरी. पाणी चार बोटं खाली. ट्रॅक्टर, बैलगाडी जाते. दुचाकी घालू नका, कडेची माती खचलीय. फोनवरून, खालची आळी."

मी घरी फोन लावला. म्हटलं, मोरीवर पाणी अजून आलेलं नाही, साईटवर आत्ताच खबर आलीय.

"माहीत हाय," ती म्हणाली. "मीच सांगून आलेय की."

मसाल्याची जाहिरात मात्र अजून तशीच येते, आणि नेमकी वेळेच्या आकड्यावर येते. पोराला दोनदा कळवलंय.