दाराआडची काठी

तिच्या फ्लॅटच्या दाराआड एक काठी उभी असते. चिव्याची, जवळजवळ पेरांची, धरायच्या जागी घामानं आणि तेलानं काळी गुळगुळीत झालेली. टोकाची लोखंडी शेंबी कधीच गळून पडली; आता तिथं रबरी बूच आहे. काठी आजोबांची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून मुंबईला गेली, तिथून पुण्याला आली. रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला ती बुंदीला फिरवायला निघते तेव्हा एका हातात पट्टा असतो आणि दुसऱ्या हातात ही काठी. बुंदी तपकिरी ठिपक्यांची देशी कुत्री. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, काठी रस्त्यावरच्या कुत्र्यांना हाणायला आहे. पण बुंदी घरात आल्यापासून तिनं ती एकदाही कुणावर उगारलेली नाही.

आजोबांनीही उगारली नव्हती. १९८३ सालची गोष्ट, ती आठ वर्षांची. सुगी उरकली होती आणि धनगरांचे वाडे रानात उतरले होते. शेताला लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेत. आजोबांबरोबर मळ्यात जाताना दोन कुत्री बाणासारखी सुटून आली. ती पळायला वळली, तोच आजोबांनी तिचा दंड धरला. काठीचं टोक पुढं, तिरकं, जमिनीला टेकवलं. ना कुत्र्यांवर नजर रोखली, ना जागचे हलले. वाड्याकडं तोंड करून त्यांनी हाक घातली, "पावणं, कुत्री आवरा!" कुत्र्यांनी मानेवरचे केस पिंजारून दोन फेऱ्या मारल्या, भुंकून घेतलं आणि धनगराची शीळ ऐकली तशी माघारी गेली. मग आजोबांनी वाट सोडली. बांधाबांधानं, मेंढरांपासून लांबून वळसा घालून ते मळ्यात पोचले.

"ती आपल्यावर न्हाई येत," आजोबा म्हणाले. "आपण मेंढरांवर जाऊ म्हणून येत्यात."

तीन वर्षांनी तालुक्याच्या गावी गल्लीतलं एक साखळीला बांधलेलं कुत्रं सुटलं, तेव्हा दंड धरायला आजोबा नव्हते. ती पळाली. कुत्र्यापुढं पळणाऱ्याचं जे होतं ते झालं, पोटरीचा लचका निघाला. घरात कुणीतरी जखमेत तिखट भरलं. तेव्हा घरोघरी तोच उपाय होता. खरं तर जखमेला हवं असतं साबण आणि वाहतं पाणी, तेही तब्बल १५ मिनिटं, कारण रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडं सरकतो आणि त्याला जितकं बाहेरच धुऊन टाकता येईल तितकं बरं. मग सरकारी दवाखाना आणि बेंबीभोवती १४ इंजेक्शनं. ही लस मेंढीच्या मेंदूपासून करत. डेव्हिड सेंपल यांनी ती कसौलीत १९११ साली तयार केली आणि जवळजवळ शतकभर आपल्याकडं तीच चालली. २००५ सालापासून ती बंद झाली. पंधराव्या दिवशी तिला धड सरळ उभं राहता येत नव्हतं. त्या सुट्टीत आजोळी गेल्यावर तिनं दाराआडची काठी उचलली आणि अंगणात शेपूट हलवत आलेल्या एका निरुपद्रवी कुत्र्याच्या पाठीत घातली. त्याचं केकाटणं तिला अजून ऐकू येतं.

आजोबा गेल्यावर काठी तिच्या वाट्याला आली. मुंबईत ती माळ्यावर पडून राहिली. नोकरीच्या दिवसांत उशिराच्या लोकलनं उतरून घर गाठायचं, वाटेत रिक्षा स्टँडजवळ कुत्र्यांचं टोळकं. तेव्हा हातात छत्री असायची आणि छत्री नसेल तर खाली वाकायचं. दगड असो-नसो, वाकलं की कुत्री मागं सरतात, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. ही कुत्री माणसाचा हात किती बारकाईनं वाचतात, ते कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माणूस दोनपैकी एका वाडग्याकडं बोट दाखवी. जी कुत्री जवळ आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोटाच्या रोखानं गेली. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. पण जवळपास निम्मी कुत्री पुढं आलीच नाहीत. त्यांना हात म्हणजे काय, हे आधीच कळलेलं होतं.

२०१६ साली पुण्यात, एका निवाऱ्यातून बुंदी घरी आली. वर्षाची असेल. मागच्या डाव्या पायाचं हाड कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं. पहिल्याच संध्याकाळी, बाहेर कुत्री असतात म्हणून तिनं काठी काढली. काठी दिसताच बुंदी जागीच बसली, फरशीवर मूत झालं, आणि ती सरपटत दिवाणाखाली गेली. रात्री अकरापर्यंत बाहेर आली नाही. त्या पायावर काय पडलं होतं, ते कुणाला विचारायची गरज राहिली नाही.

काठी दाराआड परत गेली, आणि पट्टा हातात धरून निव्वळ चालायचं कसं, हे तिला चाळिशीत नव्यानं शिकावं लागलं.

सहकारनगरातून तळजई टेकडीच्या पायथ्यापर्यंतच्या तिच्या वाटेवर कुत्र्यांची चार राज्यं लागतात. एकाची हद्द पानटपरीपाशी संपते, दुसऱ्याची महावितरणच्या डीपीपाशी. हद्द ओलांडली की पाठलाग करणारं टोळकं दोरी ताणल्यासारखं थांबतं. हे समजायच्या आधी ती समोरून कुत्रं दिसलं की पट्टा आखडून धरायची. आपला जीव घाबरलाय हे पट्ट्यातून बुंदीला तत्काळ कळायचं, शिवाय मान वर ओढली गेल्यानं तिची छाती पुढं यायची, आणि समोरच्याला वाटायचं, ही लढायलाच आलीय. तुरीद रुगोस या नॉर्वेतल्या कुत्र्यांच्या प्रशिक्षक. कुत्री एकमेकांना शांत करायला ज्या खुणा करतात, त्यांच्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं: मान फिरवणं, नाक चाटणं, उगाच जमीन हुंगणं आणि सरळ अंगावर न जाता कमानीसारखं वळून जाणं. ती हे वाचत होती तेव्हा तिला बांधाबांधानं जाणारे आजोबा दिसत होते.

मग ती रस्त्यावर बघायला शिकली. ताठ उभी, न हलणारी शेपटी आणि मिटलेलं तोंड हे भुंकण्यापेक्षा वाईट. भुंकणारं कुत्रं बहुतेक वेळा म्हणत असतं, लांब हो. लांब झालं की त्याचं काम होतं. म्हणून वीस पावलांवरच रस्ता बदलायचा, मध्ये एखादी उभी मोटार घ्यायची, पट्टा सैल आणि आवाज खालचा ठेवायचा. तरीही कुणी पुढं आलंच, तर खिशातला मूठभर कोरडा खाऊ त्याच्या बाजूला लांब फेकायचा. नाक जमिनीला लागलं की डोळे सुटतात, आणि तेवढ्या वेळात निघून जाता येतं. वाकून दगड उचलायचं मात्र तिनं सोडलं. माणूस एकटा असताना ती युक्ती चालते, पण शेजारी पट्ट्याला बांधलेलं कुत्रं असताना वाकलं तर आपलं तोंड दोघांच्या दातांच्या उंचीला येतं. बुंदीला उचलून घेण्यातही धोका असतो. समोरचं कुत्रं तिच्यापर्यंत पोचायला माणसाच्या अंगावर उड्या घेतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांशी असं हळूहळू जमत गेलं. अवघड गेली ती पाळलेली, मोकळी सोडलेली कुत्री. टेकडीवर धिप्पाड लॅब्राडोर चौखूर उधळत येतो आणि मागून मालक ओरडतो, "घाबरू नका, काही करत नाही तो!" तो काही करत नसेलही. पण तो तोंडासमोरून थेट अंगावर येतो, ही कुत्र्यांच्या जगातली उघड आगळीक आहे, आणि लंगडी, पट्ट्यानं बांधलेली बुंदी पळू शकत नाही. तिला दातच उरतात. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कलम तिनं कुणाला ऐकवलेलं नाही. एवढंच म्हणते, "माझी करते. तुमचा पट्टा लावा."

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात वाटेवरची एरवी शहाणी असलेली कुत्रीही वाघीण होते. २०१८ च्या डिसेंबरात धुकं होतं. डीपीमागच्या पन्हळी पत्र्यांखाली काळी व्यालेली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. पत्र्याखालून काळी निघाली ती भुंकलीही नाही. बुंदीच्या कानाला धरलं, पट्टा दोघींच्या पायांत गुंतला, आणि वाचलेलं सारं विसरून तिनं मध्ये हात घातला.

दूध घालणारा पोरगा सायकल टाकून धावला. त्यानं काळीच्या मागच्या दोन्ही तंगड्या धरून ढकलगाडीसारख्या वर उचलल्या आणि मागं मागं चालत गेला. "तुमची पण अशीच धरा, ताई!" तो ओरडला. दोन्हीकडून मागं ओढल्यावर काही क्षणांत दात सुटले. तोंडाशी हात न्यायचा नसतो, गळपट्टा ओढायचा नसतो, हे त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं कुठं वाचलेलं नव्हतं.

अंगठ्याखाली दोन खोल भोकं. कुणाचे दात, ते सांगता येत नव्हतं. घरी येऊन घड्याळ लावून तिनं नळाखाली १५ मिनिटं हात धरला. दवाखान्यात तिनं सांगितलं, लहानपणी १४ घेतलीत. डॉक्टर म्हणाल्या, ती जुनी लस हिशेबात धरत नाहीत, सगळं पहिल्यापासून. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि दंडात पाच इंजेक्शनं: पहिला दिवस, मग ३, ७, १४ आणि २८ वा. दंडातलं इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं वाटलं. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही लस वेळेवर मिळाली तर यातलं जवळजवळ प्रत्येक मरण टळण्यासारखं, याचं तिला त्या बाकावर बसून रडू आलं.

शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी काळीला "कायमची" हलवायचं ठरवलं होतं. तिचा बँडेज बांधलेला हात पुढं करूनच ते बोलत. ती त्यांच्या भीतीवर हसली नाही. तो बेंबीभोवतालचा ठणका तिनं सोसलेला होता. पण मारून कुत्री संपत नाहीत, हे मुंबईनं केव्हाच पाहिलंय. इंग्रजांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा १८३२ च्या जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, शहर बंद पडलं, दंगल झाली. त्यानंतरही कितीतरी वर्षं शहराशहरांत कुत्री मारली गेली आणि उकिरडे होते तोवर रिकाम्या जागी नवी येत राहिली. २००१ साली नसबंदीचे नियम आले आणि २०२३ साली ते नव्यानं झाले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, होतं तिथंच सोडा. खायला घालायचं तर जिन्यापासून, दारापासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब.

पिल्लं सुटी झाल्यावर, फेब्रुवारीत, पालिकेची गाडी आली तेव्हा काळीला हाका मारून, खाऊ टाकून गाडीपर्यंत तिनंच नेलं. आठवड्यानं काळी परतली. कानाला त्रिकोणी खाच, पोटावर टाके. पुढच्या मार्गशीर्षात डीपीमागं पिल्लं नव्हती आणि काळी पत्र्यावर ऊन खात पडली होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. ११ तारखेचा तो आदेश २२ तारखेला बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्यांच्या जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र नको. त्या अकरा दिवसांत सोसायटीच्या गटावर दोन तट पडले. तिला दोन्हीकडचे लोक विचारत, तू कुणाच्या बाजूनं? तिच्या अंगठ्याखाली चाव्याचा व्रण होता आणि पायाशी बुंदी.

काठी पुन्हा बाहेर कशी आली, ते सांगायचं राहिलं. चाव्यानंतर तिनं ती दिवाणखान्यात जमिनीवर आडवी ठेवली आणि भोवती उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकले. पहिले चार दिवस बुंदी लांबूनच बघत बसली. दहाव्या दिवशी एक तुकडा उचलून पळाली. मग काठी बोटभर हलवायची, तुकडा द्यायचा. उभी करायची, तुकडा द्यायचा. दोन महिने गेले. शेवटी एका दुपारी बुंदी काठीच्या टोकाशी पाय पसरून बसली आणि रबरी बूच चघळू लागली. ते बूच तिनं बदललेलं नाही. त्यावर अजून दातांच्या खुणा आहेत.

परवा टेकडीच्या पायथ्याशी वळणावरून एक जर्मन शेफर्ड सुटून आला. तिनं बुंदीला मागं घेतलं, काठी पुढं, तिरकी, जमिनीला टेकवली आणि त्याच्यावर नजर न रोखता वरच्या वाटेकडं तोंड करून हाक मारली, "अहो, कुत्रा आवरा!" शेफर्ड काठीपाशी थांबला, टोक हुंगलं, गुरगुरला. एक तरुण धापा टाकत खाली आला, त्यानं पट्टा अडकवला आणि काही बोलायला तोंड उघडलं. ती मान हलवून पुढं निघाली, वाट सोडून, गवतातून. बुंदी लंगडत बाजूनं, नाक जमिनीला, आणि दोघींमागं ओल्या मातीत बुचाचे गोल ठसे.