पाठकोऱ्या कागदावरचं पत्र

नारायण पेठ, पुणे ३०
रविवार, रात्री

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "ताई, विचार कसला करतेस? सगळं मोडीत काढ आणि मोकळी हो." तुझं चूक नाही. दिवाळीपर्यंत वाडा रिकामा करून द्यायचाय. सहा खण, माडी आणि माळा यांतलं सामान दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावायचं नाही, हे मलाही दिसतं. पण या आठ दिवसांत माळ्यावर जे हाती लागलं, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी हिशेब देते. रद्दी चार हातगाड्या गेली. तुझे 'चांदोबा' वाळवीनं खाल्ले होते, तेही त्यातच गेले. बाबांचे 'सत्यकथे'चे गठ्ठे शाळेच्या ग्रंथालयानं नेले. मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, तरी बाबा सुतळी सोडू देत नव्हते. बोहारणीनं अकरा साड्यांना एक स्टीलचं पातेलं दिलं. आई असती तर तिनं एक चहाची गाळणी तरी वर काढली असती. जुन्या बाजारातला माणूस घडवंची आणि फडताळाची दारं घेऊन गेला. ती दारं कुठल्याशा हॉटेलात भिंतीला लावणार आहेत म्हणे. पाटा-वरवंटा न्यायला कुणी तयार नाही. आणि झाकण्या निघाल्या एकेचाळीस. त्यांतल्या तेरांनाच भांडी आहेत.

तू म्हणतोस, केळकर संग्रहालयाला विचार. अरे, दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून असे दिवे आणि असे अडकित्ते जमवले की पाहणारा थबकतो. आपल्याकडे थबकावं असं काही नाही. आपलं सगळं रोजचं.

आता भांड्यांचं सांगते. पाच माणसांच्या घरात नऊ हंडे, चौदा कळश्या आणि दोन तांब्याची पिंपं! नळाला पाणी असतानाही आजी रोज संध्याकाळी ती भरून ठेवायची आणि सकाळी झाडांना घालायची. आपण हसायचो. तुझा जन्म नंतरचा, पण मी चार वर्षांची होते. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं. मला आठवतं ते एवढंच, की बाबांनी मला खांद्यावर टाकून माडीवर भाडेकरूंकडे नेलं आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. आपलं बिऱ्हाड खाली होतं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल होता आणि त्यात भांडं म्हणून हाताला लागलं ते एक चिपटं. खडकवासला गेल्यानं नळही कोरडे. ज्या शहरात घराघरात पाणी शिरलं, तिथेच प्यायला पाणी नाही! पिंपं का भरली जायची, ते आता कळतंय.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या भांड्यांवर दुसऱ्यांची नावं असायची, आठवतं? आमटीच्या पातेल्यावर भलतंच आडनाव, परातीवर कुणाच्या तरी मुंजीची तारीख, पोह्यांच्या डब्यावर 'विवाहाप्रीत्यर्थ' आणि पुढे आपण कधी न पाहिलेली वधू. तू पाहुण्यांसमोर म्हणायचास, "ही आजीनं ढापलेली भांडी!" आजी हसायची. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही.

उत्तर माळ्यावर होतं. डालड्याच्या डब्यात, सुतळीच्या गुंड्याखाली, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली एक वही. पहिल्या पानावर 'श्रावण, शके १८८३', म्हणजे पूर आला त्याच पावसाळ्यातला श्रावण. खाली सत्तावीस नावं आणि प्रत्येकापुढे एकेक भांडं. टिळक रस्त्यावरच्या आत्या: परात. साताऱ्याची मावशी: दोन पातेली. बाबांच्या हपिसातले हेडक्लार्क: पोह्यांचा डबा. माडीवरच्या काकू: तवा, उलथणं, पोळपाट. पुरानंतर लोकांनी आपापल्या फळीवरून काढून दिलेली भांडी ती. दुकानातून नवी आणायला वेळ कुणाला होता? म्हणून त्यांवर त्यांची नावं.

एकवीस नावांपुढे बारीक टिंब आहे आणि टिंबाशेजारी मिती. मी आईच्या जुन्या निमंत्रणपत्रिका काढून ताडून पाहिलं. त्या मितीला त्या त्या घरी लग्न, मुंज नाहीतर बारसं होतं. आजी आहेर म्हणून भांडं द्यायची, मिळालं होतं त्याहून थोडं मोठं, आणि घरी येऊन टिंब द्यायची. आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेली सहा नवी कोरी पातेली माळ्यावर का पडून होती, याचा उलगडा तिथे झाला. आईनं ती कधी वापरू दिली नाहीत. "असू दे, लागतील," म्हणायची. तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. सहा नावांपुढे टिंब नाही.

मोडवाला आज सकाळी येऊन गेला. तराजू लावला, सगळं मिळून एकतीस किलो भरेल म्हणाला. मी त्याला फुटकी बादली, बंब आणि झाकण्या दिल्या. बाकीचं नाही दिलं. आपल्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंच्या मुलीचं मार्गशीर्षात लग्न आहे. नावं घातलेली भांडी तिच्या घरी जातील, आणखी दोघीजणी आहेत त्यांच्याकडे जातील. आली तशीच गेलेली बरी: मोडीत नाही, कुणाच्या तरी चुलीवर. चिपटं मात्र मी ठेवणार. काल रात्रीचा भात त्यानंच मोजला.

राहिली सहा पातेली. सहांपैकी दोघांचा पत्ता मला लागलाय. आत्यांची नात कोथरूडला असते, तिच्याकडे गुरुवारी जाऊन येते. तिसरं नाव बाबांच्या मित्राचं आहे. त्यांचा मुलगा तुझ्या वर्गात होता, तू विचारून कळव. उरलेल्या तीन नावांना मी ओळखत नाही. वहीच्या पानांचे फोटो पाठवते, डोकं चालव. माडीवरून हाकारून विचारावं असं आता कुणी उरलेलं नाही.

भिंतीवरची पाण्याची रेघ बाबांनी खिळ्यानं कोरली होती. ती तेवढी नेता येत नाही. तिच्यापर्यंत हात पोचतो का, ते काल पाहिलं. टाचा उंचावल्या तरी पोचत नाही.

तब्येतीला जप. पत्र संपल्यावर कागद उलट. आजीच्या गठ्ठ्यातला आहे, तुझ्या चौथीतल्या वहीचा, १९७४. बेरीज चुकलीय. हातचा धरायला विसरला होतास.

तुझी,
ताई