अंगठा वर होतो का?



पायाचा अंगठा दुखला की आपल्या मंडळींत दोनच निदाने होतात. "युरिक अ‍ॅसिड वाढलंय", नाहीतर "चप्पल बदला". बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. पण तिसरे एक कारण आमच्याच पायावर पडले, आणि जन्मभर नर्सचे काम करूनही आम्ही ते ओळखले नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी मासे कापताना सुरी निसटली आणि थेट अनवाणी पायावर पडली. जखम अर्ध्या इंचाची. पट्टी बांधली आणि पुन्हा कालवणाकडे वळलो. नात म्हणाली, "आजी, दवाखान्यात जाऊ या ना!" आम्ही म्हटले, "अगं, आजीच दवाखाना आहे!"

जखम भरली, पण अंगठा खाली लोंबू लागला. मोजा घालताना दुमडायचा, चटईत अडकायचा. वय झाले म्हणून सोडून दिले. तीन आठवड्यांनी अडखळून पडलो, तेव्हा कुपात होलीमचे डॉक्टर एवढेच म्हणाले, "अंगठा वर करा." होईना!

स्नायू हाडाला जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. घरी आपण तिलाही शीरच म्हणतो. अंगठा उचलणारी कंडरा पावलाच्या वरच्या बाजूने, कातडीच्या अगदी खालून जाते. त्यामुळे लहानशा जखमेतही ती तुटते. लगेच कळले तर दोन्ही टोके शिवता येतात. उशीर झाला की वरचे टोक आखडून मागे सरकते. आम्हांला दुसरीकडची कंडरा काढून जोडावी लागली. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवू दिला नाही.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी कंडरा दुखते, क्वचित तुटतेही. बहुधा टाचेमागची, पण कधी दुसरीही. साठीनंतर, आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका जास्त. अशा गोळ्या घेताना पाय दुखू लागला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही असे होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना आठवणीने सांगा.

बालमित्रांनो, आजी-आजोबांच्या पायावर काही पडले तर त्यांचे "काही झालं नाही" ऐकू नका. सांगा, "अंगठा वर करा. आता खाली दाबा." जमले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला लावा.

आमची नात आता दर शुक्रवारी स्वयंपाकघराच्या दारात आमचे बूट आणून ठेवते. ते घातल्याशिवाय सुरी हातात देत नाही.