गावात जाऊन येते

आम्ही कोथरूडला राहायला गेलो १९८४ साली. तेव्हा खरं गाव म्हणायचं तर कोथरूडच होतं. गावठाण होतं, मारुती होता, संध्याकाळी घराकडे परतणारी गुरं होती. आणि आई मात्र तुळशीबागेत निघाली की पिशवी झटकत म्हणायची, "गावात जाऊन येते." पुढं गुरं गेली, गावठाणाभोवती सोसायट्या उभ्या राहिल्या, आमच्या गच्चीतून दिसणारी टेकडी निम्मी झाकली गेली, पण आईचं वाक्य बदललं नाही. आजही कर्वेनगर, कोथरूड, सहकारनगरातली माझ्या वयाची माणसं पेठांना गावच म्हणतात. लक्ष्मी रोडवर साडी घ्यायची, गावात जाऊन येऊ. अप्पा बळवंत चौकातून नातवाची पुस्तकं आणायची, गावात जाऊन येऊ. मी ते इतकी वर्षं ऐकलं आणि म्हटलंही. त्यातलं 'येऊ' हे क्रियापद मला फार उशिरा ऐकू आलं.

आमचा वाडा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एका बोळात होता. चौदा बिऱ्हाडं. आमच्या वाट्याला दोन खणांच्या दोन खोल्या, वर कडीपाट, आणि जिन्याखाली कोळशासाठी एक कोनाडा. वाड्याची वर्णनं मराठीत इतकी झाली आहेत, की चौकातलं तुळशीवृंदावन आणि बंबातला धूर मी आता सांगत बसत नाही. मला सांगायची आहे ती रात्र. रात्री दहाला मालकांच्या घरातले काका दिंडीदरवाजा लावायला यायचे. अडसर सरकवण्याआधी ते चौकात उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "आले का सगळे?" मग वरून, खालून, माडीवरून उत्तरं यायची. "बाळू यायचाय, सेकंड शिफ्ट आहे." "आमचे नाटकाला गेलेत." काका हुंकार भरायचे आणि तेवढ्यापुरता अडसर सैल ठेवायचे. मला वाटायचं, सगळ्या जगाची मोजणी रात्री दहाला अशीच होत असणार.

ती मोजणी पहिल्यांदा चुकली माझ्या जन्माच्याही आधी. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि मुठा पेठांत शिरली. आई तेव्हा नवी नवरी होती. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ तिनं मला पुढं कितीतरी वेळा दाखवली. रंगाचे हात चढले तरी पावसाळ्यात ती ओल धरून वर यायचीच. नदीकाठच्या पेठांतली हजारो माणसं त्या एका दिवसानं उठवली आणि गोखलेनगरला, सहकारनगरला, जिथं तोवर माळ होता तिथं वसवली. मधलं गाव सोडून बाहेर राहता येतं, तिथं हवा बरी असते आणि नळ स्वतःचा असतो, हे पेठांतल्या पुष्कळांना समजलं ते पुरानं. नाइलाजानं गेलेल्यांचं बघून पुढं हौसेनं जाणारे निघाले. आम्ही हौसेनं गेलेल्यांतले.

आणि जाताना आम्ही कुलूप लावलं.

पेठा का ओस पडल्या याची चर्चा निघाली की लोक बिल्डरचं नाव घेतात, पालिकेचं घेतात, वाहनांचं घेतात. कुलपाचं कुणी घेत नाही, कारण त्याची किल्ली आपल्याच कपाटात असते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे प्रमाण मानलं आणि तिथंच घड्याळ थांबवलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणारा तो कायदा होता, वाईट नव्हता. पण आमचं भाडं होतं अकरा रुपये, आणि मी कॉलेजात गेले तेव्हाही ते अकराच होतं. चौदा बिऱ्हाडांच्या भाड्यातून मालकांना वर्षाला कौलं चाळून घेणंसुद्धा परवडत नव्हतं. म्हणून कौलं चाळली गेली नाहीत, पाणी तुळईत मुरलं, तुळईला वाळवी लागली. मालकांना वाटायचं भाडेकरू जावेत, भाडेकरूंना वाटायचं मालकांनी दुरुस्ती करावी, आणि दोघं एकमेकांची वाट बघत असताना वाडा खचत गेला. मालकांनी हातात भाडं घेणं बंद केल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, दर महिन्याला अकरा रुपयांची मनीऑर्डर करू लागले. कोथरूडहून. मनीऑर्डरचं कमिशन धरून. जागा रिकामी, पण हक्क जागता. कधीतरी वाडा पडेल, नवी इमारत होईल, तेव्हा आपल्या वाट्याचा ब्लॉक मिळेल, एवढ्यासाठी. चौदांपैकी नऊ दारांवर अशी कुलपं होती. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानं वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. मागं राहिलेल्या काकूंनी मला हिशेब करून दाखवला होता, "अकराचे चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे. मालक श्रीमंत होणार बघ आता."

वाडा 'पडला' आणि वाडा 'पाडला' यांत मराठीत एका कान्याचा फरक आहे. आमच्या बोळातल्या प्रत्येक वाड्याबद्दल लोक तो कान्यासकट आणि कान्याशिवाय, दोन्ही सांगतात.

आता मी गावात जाते ती मेट्रोनं. वनाजहून बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं, मग सरकत्या जिन्यांनी खाली, आणखी खाली. ३३ मीटर खोल आहे ते स्थानक. तिथून स्वारगेटकडे जाणारी गाडी. २९ सप्टेंबर २०२४ ला हा भुयारी टप्पा सुरू झाला त्याच आठवड्यात मी हौसेनं गेले होते. सिव्हिल कोर्ट आणि कसबा पेठ या दोन स्थानकांच्या मध्ये गाडी मुठेच्या पोटाखालून जाते. बाहेर काळोख, आत पोरांच्या हातातले मोबाइल, आणि डोक्यावर ती नदी, जी एकदा आमच्या भिंतीवर रेघ ओढून गेली. आई असती तर तिनं हात जोडले असते की शिव्या दिल्या असत्या, सांगता येत नाही. ही मेट्रो खणताना २०१९ मध्ये स्वारगेटपाशी पाण्याचं एक जुनं भुयार सापडलं होतं, पेशवाईतलं असावं असं तेव्हा म्हटलं गेलं. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून पाणी निघायचं आणि नुसत्या उताराच्या बळावर गावातल्या हौदांत येऊन पडायचं. एक भुयार पाणी आणायचं, एक माणसं आणतं. फरक एवढाच, की पाणी आलं की गावातच मुरायचं.

माणसं येतात, यात शंका नाही. कसबा पेठ स्थानकातून फडके हौदापाशी वर आलं की जी गर्दी अंगावर येते, ती बघून कोण म्हणेल या गावाला ओहोटी लागली आहे? रविवार पेठेत हातगाडीला वाट मिळत नाही. तुळशीबागेत दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. पण जरा थांबून बघितलं की हिशेब वेगळा दिसतो. मंडईजवळच्या आर्यन टॉकीजचं नाव आता वाहनतळाला उरलं आहे. मिनर्व्हाचंही तेच. पालिकेनं दोन्ही वाहनतळांना रीतसर वेगळी नावं दिली, तरी लोक "आर्यनला गाडी लावली" असंच म्हणतात. जिथं तीन तास माणसं बसायची तिथं आता तीन तास गाड्या बसतात.

मंडईपाशी मी मात्र दर वेळी रेंगाळते. १८८६ ची ती अष्टकोनी इमारत, मध्ये मनोरा, भोवती पसरलेल्या पाखा, आणि आत गाळ्यांवर उंच बसलेल्या बागवान आणि माळणी. ही इमारत बांधायची ठरत होती तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच, नाव पडलं रे मार्केट, गव्हर्नराचं. आणि नंतर अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव दिलं गेलं ते महात्मा फुल्यांचं! पुण्याचा खवचटपणा पुणेकरांत असतो म्हणतात, मला तो पुण्याच्या इतिहासातच दिसतो. पलीकडं बुधवार पेठेत, जिथं फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा मोडकळीला येत वर्षानुवर्षं कोर्टात अडकून राहिला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत तो उतरवला, स्मारकासाठी. शाळेला घर मिळता मिळत नव्हतं, स्मारकाला जागा मिळाली.

मागच्या दिवाळीआधी मी मुद्दाम उशिरापर्यंत थांबले. लक्ष्मी रोडवर शटर खाली ओढल्याचे आवाज एकापाठोपाठ एक येत गेले, नगरकर तालमीपासून कुंटे चौकापर्यंत. मग मान वर करून पाहिलं. तळमजल्यावर दुकानांच्या पाट्यांचा लखलखाट आणि पहिल्या मजल्यापासून वर अंधार. गोदामं, खोकी, क्लासचे फलक, डॉक्टरांच्या बंद कन्सल्टिंग रूम. एका खिडकीत दोरीवर परकर वाळत होता, तो बघून मला इतकं बरं वाटलं की मीच दचकले. शनिवारवाड्याभोवती तर काही घरं पडायलाही आलेली आणि बांधायलाही बंदी, कारण संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला कायदा परवानगी देत नाही. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, उरला तट आणि दरवाजा, आणि त्या तटाच्या सावलीत आजची माणसं टेकू लावून राहतात. वारसा जपावा हे मलाही कळतं. पण जपणूक दगडाची होते आणि त्याच्या शेजारच्या स्वयंपाकघराची होत नाही, एवढं दिसतं ते लिहिते. रात्री खऱ्या जाग्या असतात त्या बुधवारातल्या दोन-चार गल्ल्या. तिथल्या बायका या गावच्या पक्क्या रहिवासी आहेत, तिथंच राहतात, तिथंच म्हाताऱ्या होतात. पेठेचे जुने रहिवासी म्हणून त्यांचा सत्कार झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

राहणं आणि काम अजून एकाच उंबऱ्यात असलेली जागा मला दिसली ती कसब्यात, तांबट आळीत. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब आणि हंडे मागणारी घरं गेली, तेव्हा हातोड्यांचे आवाज विरळ झाले. आता तोच मठारकामाचा ठोका दिव्यांच्या शेडवर, पाण्याच्या जगवर उमटतो आणि मोठ्या शहरांतल्या घरांत जातो. एका दारात मी उभी राहिले. खाली ठोकाठोक, वर कुकरची शिट्टी. ठोकणाऱ्यानं विचारलं, "काय बघताय, मावशी?" काय सांगणार? कुकर ऐकायला थांबले होते.

गाव परत वसवायच्या कल्पना खूप आहेत. २०२१ पासून ११ डिसेंबरला पालिका पादचारी दिन साजरा करते. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंत लक्ष्मी रोड वाहनांना बंद होतो, रस्त्यावर गालिचे, रांगोळ्या, बाकं. मी एकदा तिथल्या बाकावर तासभर बसून शेंगा खाल्ल्या, अगदी रस्त्याच्या मधोमध. फार सुख वाटलं. हेरिटेज वॉकवाली मंडळीही येतात, दरवाजांच्या कड्यांचे फोटो काढतात. सगळे येतात, आणि जाऊन येतात. मीही.

आमचा वाडा पाच वर्षांपूर्वी उतरवला. तिथं आता चार मजल्यांची इमारत आहे, खाली दुकानं, आणि दुसऱ्या मजल्यावर दादांच्या मनीऑर्डरींचं फळ म्हणून दोन खोल्यांचा छोटा ब्लॉक. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, गोदामाला देऊ. साड्यांच्या खोक्यांची कटकट नाही, भाडंही जास्त." त्याचं बरोबर होतं. मी तिथं राहायला जाणार होते का? नव्हते. गुडघे, लिफ्टची वारंवार बंद पडण्याची सवय, कोथरूडातल्या मैत्रिणी. मी स्वतः जाणार नाही, आणि गाव मात्र वसलं पाहिजे, ही माझी भूमिका मला सांगतानाही ओशाळायला होत होतं.

पण पेठेत आज रात्री दिवे कुणाचे दिसतात, हे मी पाहिलं होतं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत ते दिवे असतात अभ्यासिकांचे. बीड, लातूर, नांदेडकडून स्पर्धा परीक्षा द्यायला आलेली मुलं, कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं, मेसचा डबा, रात्री एकला चहा. जुने पेठकर त्यांच्यावर नाराज असतात, सायकली आडव्या लावतात म्हणून, जिन्यात मोठ्यानं बोलतात म्हणून. आमचा बाळूही सेकंड शिफ्टहून येताना जिन्यात गाणं म्हणायचा.

भावाशी थोडं वाजलं, पण ब्लॉक दिला तो परभणीकडच्या दोन मुलींना. दोघी राज्यसेवेचा अभ्यास करतात. भाडं गोदामापेक्षा कमी, आणि महिन्यातून एकदा नळाची किंवा गीझरची तक्रार ठरलेली. मोठी जरा अबोल आहे, धाकटी बोलते. दिवाळीच्या आठवड्यात तिचा फोन आला. मागून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येत होता.

"मावशी, किल्ली खालच्या दुकानात ठेवली. गावाला जाऊन येते."