दर्यावरची तहान

मुंबईच्या कौस्तुभ खाडे याने द्वारका ते कन्याकुमारी असा सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा एकट्याने कयाक वल्हवत पार केला. ही वाट आपल्या झाई, बोर्डी, डहाणूसमोरूनच जाते. लोकांना त्याच्या दंडांचे कौतुक. मला डॉक्टर म्हणून त्याच्या मूत्रपिंडांचे!

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढी खारट लघवी आपली मूत्रपिंडे बनवूच शकत नाहीत. ते मीठ बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी खर्ची पडते, म्हणून खारे पाणी प्यायल्याने तहान उलट वाढते. शिवाय घाम वाऱ्यावर लगेच सुकतो. किती पाणी गेले ते कळत नाही.

आमचे खलाशी मूतखडा घेऊन येतात. "डॉक्टर, बोटीवर पाणी असतं हो, पण जाळं ओढताना पिणार कोण?" मागच्या मे महिन्यात एकाचे क्रिएटिनिन इतके वाढले की दोन दिवस सलाईन लावावी लागली. थोडक्यात निभावले. आता त्याची बायको डब्याबरोबर पाण्याच्या चार बाटल्या देते आणि संध्याकाळी रिकाम्या मोजून घेते. माझ्या औषधापेक्षा तिचा हिशोब कडक आहे.