पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा

मांजरीने जिन्याखालच्या खोक्यात पिल्लं घातली की घरातल्या मुलांना एकच घाई असते – डोळे कधी उघडणार? आठ-दहा दिवसांत ते उघडतात. पण डोळा उघडला म्हणजे दिसू लागलं असं नव्हे, हे माणसाला कळलं ते अशाच पिल्लांकडून.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवल्या. त्यांचे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले. दोन-तीन महिन्यांनी टाके काढले, तर डोळा ठणठणीत, बाहुलीही उजेडात आकसत होती; पण त्या डोळ्याने पिल्लाला जवळजवळ काहीच दिसेना! मेंदूकडची त्याची वाट मोडली होती आणि ती जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजराचा डोळा तसाच मिटून ठेवला, तर काही बिघडलं नाही. म्हणजे या वाटा पक्क्या होण्याचा काळ ठरलेला असतो. १९८१ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. पिल्लांना काय मिळालं, असं कुणी विचारलं तर ते चुकीचं नाही.

तेव्हा मेंदूत बारीक तार घालून एकेका पेशीची नोंद घ्यावी लागे. एका पिल्लाकडून एकाच वयाची हकिगत कळे. पुढच्या आठवड्यासाठी दुसरं पिल्लू. पुढे मेंदूची चित्रं घेता येऊ लागली. मेंदूचा जो भाग काम करतो, तिथल्या रक्तातला प्राणवायू बदलतो आणि परतणारा लाल उजेड किंचित कमी होतो. कॅमेरा तेवढंच टिपतो. मायकेल स्ट्रायकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली या रीतीने दाखवलं, की दोन्ही डोळे मिटलेले असले तरी जवळजवळ तीन आठवडे पिल्लाच्या मेंदूतला दृष्टीचा नकाशा नीट आखला जातो. त्यानंतर मात्र पाहायला काही मिळालं नाही, तर तो विस्कटू लागतो.

एमआरआयमध्ये तर कवटीलाही हात लावावा लागत नाही. भाजीच्या देठात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं नाही. मज्जातंतूंच्या जुडग्यांतही तसंच. पाण्याच्या या चालीवरून वाटा रेखाटण्याची पद्धत १९९४ साली मांडली गेली आणि पुढे उंदरांच्या वाढत्या मेंदूचेही नकाशे निघाले. अर्थात चित्रात दिसते ती पाण्याची दिशा, प्रत्यक्ष तंतू नव्हे. आणि जनावराला भूल द्यावी लागते, ती लागतेच.

हे सारं घरापर्यंत येतं ते तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, किंवा एक डोळा तिरळा वाटला तर. ‘मोठा झाला की होईल सरळ,’ म्हणत वर्षं जातात. तिकडे वाट बुजत असते. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने उत्तर भारतातल्या, जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा का होईना शस्त्रक्रिया करून दिल्या. त्यांच्या मेंदूतल्या दृष्टीच्या काही वाटा शस्त्रक्रियेनंतरही सुधारल्या, असं २०२३ साली याच पाण्याच्या चित्रांतून दिसलं. नजरेची धार मात्र पुरती येत नाही.

एक डोळा आळशी असलेल्या मुलाला डॉक्टर चष्मा देतात आणि बऱ्याचदा चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायला सांगतात. पिल्लाचा तोच प्रयोग, उलटा केलेला! मूल रडतं, पट्टी ओढून काढतं, दाराला धडकतं. आई पुन्हा बांधते.