घरी बांधायची गाडी

माझा धाकटा भाऊ मागावर जॉबर आहे. कबनुरात जॉबरला काय येत नाही? मागाचा तुटलेला भाग वेल्डिंग करून, घासून तो पुन्हा चालता करतो. त्यामुळे ‘भाई, दोन सीटची उघडी गाडी घरीच बांधू या’ असं तो म्हणाला, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. अम्मीनं एवढंच विचारलं, ‘ठेवणार कुठं?’

वहीत हिशेब मांडला. चौकोनी पाइपची चौकट आणि जुन्या ओम्नीचं इंजिन. ७९६ सीसीचं हे इंजिन मागची चाकं फिरवतं, म्हणून आम्हाला सोयीचं. इंग्लंडमध्ये ही हौस जुनी आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन आणली. सुटे भाग घेऊन ती घरी जोडली, की खरेदीकर वाचायचा.

आपल्याकडंही उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असंही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली.

मला बोलेरोपेक्षा ते अडवणं जास्त लागलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायला सांगतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला ते जमतं. एकच गाडी बांधणाऱ्या जॉबरनं काय करायचं? रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं चालतात, तेव्हा तपासणी हवीच. पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होऊन तिला नंबर मिळतो. तसं दार इथंही असायला हवं.

साधे माग भंगारात निघालेत, नव्या मागांना संगणकाची माणसं लागतात. भावाच्या हातातली कला वाया जाऊ नये, एवढीच माझी ओढ. गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असं ठरलंय. रमजान ईद झाली की चौकट जोडायला घेऊ. वहीत पहिला खर्च मात्र ब्रेकचा धरलाय.